होल्ड सुटणं वेगळं, रिफंड येणं वेगळं

ऑफिसच्या दौऱ्यावरून परतलं की ठरलेली तक्रार सुरू होते: "हॉटेलचं डिपॉझिट अजून रिफंड झालं नाही." बरेचदा तो रिफंड कधीच येणार नसतो, कारण पैसे गेलेलेच नसतात.

रिफंड सगळ्यांना ठाऊक आहे. पैसे कापले गेले, परत आले, स्टेटमेंटवर एक नावे आणि एक जमा.

होल्डमध्ये, म्हणजे प्री-ऑथमध्ये (प्री-ऑथरायझेशन), बँक तुमच्या क्रेडिट कार्डाच्या लिमिटमधली रक्कम फक्त राखून ठेवते. हॉटेलच्या खात्यात दमडी जात नाही, व्याज लागत नाही, कार्डाच्या बिलात ती रक्कम धरली जात नाही. त्यामुळे होल्ड सुटतो तेव्हाही जमेची नोंद होत नाही; उपलब्ध लिमिट तेवढं वाढतं. बघायचं ते तिथे. जमेच्या एसएमएसची वाट बघून कस्टमर केअरशी भांडण्यात अर्थ नाही. गोंधळात भर घालतात त्या बँकाच. होल्ड लागला तरी अनेकींचा एसएमएस "स्पेंट" असाच येतो.

खरी मेख चेक-इनच्या काउंटरवर आहे. "डिपॉझिटसाठी कार्ड द्या सर" या एकाच वाक्याखाली कुणी प्री-ऑथ घेतं, कुणी सरळ सेल मारतं. पिन टाकण्याआधी मशीनच्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा. नंतर स्लिपवरही 'सेल' किंवा 'प्री-ऑथ' छापलेलं असतं. सेल असेल तर पैसे खरोखर गेले, उरलेली रक्कम रिफंडनेच येणार. म्हणून स्पष्ट सांगा, "सेल नको, प्री-ऑथ करा", आणि होल्ड किती रकमेचा ते विचारा. भाड्यावर वरखर्चाचे म्हणून रोजचे हजार-दोन हजार धरलेले असतात.

दुसरी मेख चेक-आउटला. समजा लिमिट 1,00,000, होल्ड 24,000 आणि अंतिम बिल 19,500. रिसेप्शनने त्याच प्री-ऑथचं कम्प्लीशन केलं, म्हणजे राखलेल्या रकमेतूनच बिल वळतं केलं, तर 19,500 कापले जातात आणि उरलेले 4,500 सुटतात. पण घाईत कार्ड नव्याने स्वाइप केलं, तर 19,500 चा सेल आणि 24,000 चा जुना होल्ड दोन्ही उभे राहतात. 43,500 अडकले, वापरायला उरले 56,500. पुढच्या शहरात कार्ड नाकारलं जातं ते यामुळे, आणि माणूस म्हणतो, "हॉटेलने दोनदा पैसे घेतले!"

चेक-इनला स्वतःचं कार्ड आणि चेक-आउटला कंपनीचं, असं केलं तर स्वतःच्या कार्डावरचा जुना होल्ड बरेचदा तसाच राहतो. तेव्हा काउंटरवरून हलण्याआधी "जुना प्री-ऑथ व्हॉइड करा", म्हणजे रद्द करा, म्हणा आणि व्हॉइडची स्लिप घ्या. नाही केलं तर होल्ड आपोआप संपेपर्यंत थांबा. बँक आणि कार्डाच्या नेटवर्कनुसार (व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे) काही दिवसांपासून महिनाभरापर्यंत. बँक सहसा स्वतःहून तो काढत नाही, तिला हॉटेलकडून कळावं लागतं. प्री-ऑथच्या स्लिपवरचा सहा अक्षरी अप्रूव्हल कोड, तारीख, रक्कम आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे देऊन हॉटेलकडून बँकेला रिलीजचा ईमेल पाठवायला लावा. कोड नसेल तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून ती स्लिप चुरगाळून फेकू नका.

अकाउंट्सला मात्र ती स्लिप जोडू नका. होल्ड हा खर्च नव्हे. क्लेमला लागतं ते अंतिम टॅक्स इनव्हॉइस, कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर घातलेलं, सोबत सेलची किंवा कम्प्लीशनची स्लिप. 24,000 चा क्लेम टाकून नंतर "बिल 19,500 चंच होतं" असं सांगणाऱ्यांमुळे सगळ्यांचे क्लेम रखडतात.

परदेशात आणखी एक फरक, तो छोटा आहे: होल्डच्या दिवशी दिसणारा रुपयांतला आकडा अंदाजाचा असतो, प्रत्यक्ष रक्कम सेटलमेंटच्या, म्हणजे व्यवहार पुरा होतानाच्या, दराने आणि मार्कअप (परकीय चलनासाठी बँक लावते ते जादा शुल्क) धरून पडते. क्लेम स्टेटमेंटच्या आकड्याने करा, एसएमएसच्या नव्हे.

आणि चेक-इनला डेबिट कार्ड पुढे करू नका. तिथे लिमिट नव्हे, पगाराच्या खात्यातली शिल्लक अडकते. त्याच आठवड्यात ईएमआय असेल तर तो बाउन्स होऊ शकतो, आणि त्याचा दंड ऑफिस देत नाही.