हंडी मटण, पण हंडी कशाची? मातीच्या भांड्यातल्या जेवणाची पार्श्वभूमी

पुण्याहून नगरकडे निघा, नाशिककडे निघा की कोल्हापूरकडे, 'मटका मटण', 'हंडी चिकन', 'मटका दम बिर्याणी' अशा पाट्या रस्ताभर दिसतात. आत गेल्यावर मात्र तीन वेगवेगळ्या गोष्टी समोर येतात. काही ठिकाणी मटण ॲल्युमिनियमच्या मोठ्या टोपात शिजलेलं असतं, ऑर्डर आली की गाडग्यात ओतून, वर कोथिंबीर भुरभुरून टेबलावर आणतात. काही ठिकाणी हंडी म्हणजे तांब्याच्या बुडाचं स्टीलचं भांडं. आणि मोजक्या ठिकाणी खरोखरच कच्चं मटण मसाल्यासह मडक्यात भरून, तोंड कणकेने लिंपून, निखाऱ्यांवर ठेवलेलं असतं. पाटी तिन्हीकडे सारखीच असते. मातीच्या भांड्यात शिजवलेलं आणि मातीच्या भांड्यात वाढलेलं यांची अशी गल्लत का झाली, याला बराच जुना इतिहास आहे. चांगली जागा शोधायची तर तो ठाऊक असलेला बरा.

सुरुवात घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यातल्या इनामगावपासून करता येते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या दरम्यान इथे शेतकऱ्यांची वस्ती होती. काळ्या रंगात नक्षी काढलेली लाल, पातळ, सुबक भांडी इथे सापडली. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून या घडणीला जोर्वे संस्कृतीचं नाव मिळालं आहे. त्यांच्या सोबतीला हाताने घडवलेली, जाड, खडबडीत भांडीही निघाली. ती रोजच्या रांधण्याची आणि साठवणीची. म्हणजे वाढायचं भांडं वेगळं आणि विस्तवावर चढायचं वेगळं, ही समज इथल्या माणसांना तीन हजार वर्षांपूर्वीच होती. याच वस्तीत लहान मुलं दगावली तर त्यांना घराच्या जमिनीखाली, दोन कुंभ तोंडाला तोंड लावून, त्यांत पुरत. मातीच्या भांड्याशी असलेलं नातं चुलीपुरतं नव्हतं.

पुढच्या काळातला सगळ्यात ठळक पुरावा मांड्यांचा. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात गव्हाचे मांडे हातावर पसरून तापलेल्या खापरावर भाजण्याची कृती आहे. खानदेशात आजही पुरणाचे मांडे असेच होतात. चुलीवर उपडं ठेवलेलं खापर आणि कोपरापर्यंत हातांवर फिरत मोठा होत जाणारा मांडा. मुक्ताईची कथा तर घरोघर माहीत आहे. निवृत्तीनाथांना मांडे खावेसे वाटले, मुक्ताई खापर आणायला कुंभारवाड्यात गेली, पण विसोबा चाटीने कुंभारांना आधीच दम दिला होता. रिकाम्या हाताने परतलेल्या बहिणीसाठी ज्ञानदेवांनी पाठ तापवली आणि तिने पाठीवर मांडे भाजले. चमत्कार बाजूला ठेवला तरी त्या काळचं स्वयंपाकघर या कथेत दिसतं. खापर घरात कायमचं नसे, लागेल तेव्हा कुंभाराकडून आणलं जाई. कुंभाराने नाही म्हटलं, तर ताटात मांडा येणार नाही.

कुंभार बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभराची गाडगी-मडकी, लग्नाचे कलश, संक्रांतीची सुगडं, अंत्यविधीचं मडकं, सगळं त्याने पुरवायचं आणि सुगीला धान्य घ्यायचं. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरलं, ही गोष्टसुद्धा कुंभाराच्या रोजच्या कामातूनच आलेली आहे. भाजलेल्या भांड्यावर टिचकी मारून आवाज ऐकायचा, खणखणीत आला तर पक्कं, बद्द आला तर तडा गेलेलं नाहीतर कच्चं राहिलेलं. मडकं विकत घेताना आजही हीच परीक्षा चालते.

आता मुद्द्याचा भाग. मातीच्या भांड्यांना घरात मान होता, पण चार जणांच्या पंगतीत, आणि पुढे विकतच्या जेवणात, ती कधी रुजली नाहीत. याचं मोठं कारण विटाळाच्या कल्पना. धातूचं भांडं राखेने, चिंचेने घासून शुद्ध मानलं जाई. माती आतपर्यंत शोषून घेते, म्हणून विटाळलेलं मडकं बहुधा टाकूनच देत. सुतक फिटलं, ग्रहण सुटलं की जुनी मडकी बाहेर, नवी आत. कुंभाराच्या चाकाला त्यामुळे काम मिळत राहिलं, हे खरं. पण कोण शिवलं, कोण जेवलं याचा हिशेब ठेवणाऱ्या समाजात मातीचं भांडं अनेकांच्या जेवणासाठी पुन्हा पुन्हा वापरणं अशक्य झालं. जातीच्या उतरंडीने माणसांचं जे केलं, त्याच्यापुढे भांड्यांचं दुःख काहीच नाही. तरी खाण्याच्या इतिहासात ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या आणि कोकण-घाटावरून आलेल्या कामगारांसाठी खाणावळी सुरू झाल्या. पाळी सुटली की एकाच वेळी पन्नास पानं वाढायची. तिथे हळू तापणारं, धक्क्याने फुटणारं मडकं परवडणारं नव्हतं. कल्हई केलेली पितळी पातेली आली, मागोमाग ॲल्युमिनियम. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रज अभियंत्याने १८९८ च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या भांड्यांचे प्रयोग सुरू केले होते. पुढच्या काही दशकांत ती हलकी, स्वस्त भांडी गावोगावच्या बाजारात पोचली. १९५९ मध्ये मुंबईत हॉकिन्स सुरू झाली, त्याच वर्षी बंगळुरात प्रेस्टिजचे कुकर बनू लागले. मग स्टील आणि घरगुती गॅस. घरातलं मडकं पाण्याच्या माठापुरतं उरलं.

कुंभारांनी तग धरली ती दुसऱ्या कामांवर. विटा, कुंड्या, पणत्या, गणपती. कोल्हापुरात गंगावेस, शाहूपुरी, बापट कॅम्प इथल्या कुंभारवस्त्या आज मूर्तींसाठी ओळखल्या जातात. पुण्याच्या कसब्यातले अनेक कुंभार मुंढव्याच्या केशवनगरात गेले. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेली कुटुंबं १९३० च्या दशकापासून काम करतात. तिथेही जोर पणत्या, कुंड्या आणि माठांवर. रांधायच्या हंडीची माती वेगळी मळावी लागते. बारीक वाळू, राख, लीद यांचं प्रमाण असं साधावं लागतं की आच लागली तरी भांडं तडकू नये. हे कसब पिढी-दोन पिढ्या वापराविना राहिलं. हॉटेलांकडून रांधायच्या मडक्यांची मागणी पुन्हा आली, तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच कुंभारांकडे द्यायला तसा माल तयार नव्हता. शहरांत रस्त्याकडेला विकायला असलेल्या हंड्या पुष्कळदा गुजरात-राजस्थानातून आलेल्या असतात, त्या यामुळेच.

सगळीकडे मात्र हा धागा तुटला नाही. रायगडात अलिबाग, पेण, रोहा भागात भातकापणीनंतर वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी आणि तोंडाला भांबुर्डी या रानवनस्पतीचा पाला, मध्ये शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, खडा मीठ, ओवा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं शेतात उपडं ठेवून भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून जाळ करायचा. भांबुर्डीच्या उग्र वासाशिवाय पोपटी होत नाही. तो पाला नसेल तर जे होतं ते उकडलेल्या शेंगांइतकंच. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वलसाड-डुंगरीच्या टापूत हिवाळ्यात मिळणारं उंबाडियुं हे पोपटीचं सख्खं भावंड. इथून-तिथून कोकणपट्टी एकच असल्याचं ते खाताना जाणवतं. नागपूरकडे उपड्या मटक्यावरची लांब रोटी टिकली. ती बायकांच्या हातांनी टिकवली, आणि आता तिचेच ठेले, घरगुती ऑर्डरी चालतात. गोव्यात माशांचं हुमण, म्हणजे कालवण, शिजवायचं मातीचं कुंडलें अजून पुष्कळ घरांत आहे. दुसऱ्या दिवशी मंद आचेवर आटलेलं कालचं हुमण तिथे ताज्याहून जास्त आवडीने खातात, आणि ते आटायला मातीच लागते असं जुनी माणसं सांगतात.

या सगळ्या ठिकाणी पदार्थ मोसमाशी, शेताशी किंवा घराशी बांधलेला होता. हॉटेलांत माती परत आली ती वेगळ्या वाटेने. फाळणीनंतर पंजाबी पद्धतीची हॉटेलं देशभर पसरली. तंदूर मातीचा राहिला, पण 'हंडी' नावाने जे आलं ते तांब्या-पितळेचं, पुढे तांब्याच्या बुडाचं स्टीलचं. फुल हंडी, हाफ हंडी हे मापच बनलं. त्यानंतर गेल्या दीड-दोन दशकांत 'चुलीवरचं' जेवण हवं म्हणणारा शहरी गिऱ्हाईक आला, ढाब्यांनी चुली मांडल्या, आणि गावरानपणाची खूण म्हणून गाडगं टेबलावर आलं. चहाचं कुल्हड तंदुरात तापवणारा तंदूर चहा पुण्यातून गाजला तो याच लाटेत.

प्रत्यक्ष शिजवण्यासाठी मडकं वापरायची पद्धत मात्र पुण्या-मुंबईत ठळकपणे आणली ती बिहारी आचाऱ्यांनी. चंपारणचं आहुना मटण: सरसोंचं तेल, भरपूर कांदा, लसणाचे अख्खे गड्डे, खडे मसाले, सगळं कच्चंच एकत्र करून मडक्यात. तोंड कणकेने बंद. कोळशाची धग. पळी घालून ढवळायचं नाही, मडकंच धरून अधूनमधून हलवायचं. आपल्या भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाशी त्याचा संबंध नाही, आणि त्याला 'गावरान मराठमोळं' म्हणून विकणं मला पटत नाही. पण पद्धत म्हणून ते अस्सल आहे. मडक्यात शिजल्याने मटणाचं काय होतं हे शहरात कळायचं असेल, तर आज तिथे जाणं सगळ्यात सोपं.

काय होतं? माती उष्णता हळू घेते आणि हळूच सोडते. मंद निखाऱ्यावर तळाशी एकदम भडका लागत नाही, भिंतींमधूनही ऊब आत पोचते. तोंड बंद असल्याने मटणाचं स्वतःचं पाणी सुटून त्यातच ते शिजतं. सच्छिद्र भिंत थोडा ओलावा शोषते, थोडी वाफ सोडते, म्हणून रस दाट होतो. विरजणाचं मडक्यातलं दही घट्ट लागतं तेही याच कारणाने. खाली उतरवल्यावर भांडं बराच वेळ तापलेलं राहतं आणि आतलं शिजणं चालूच असतं.

खरं शिजवलेलं भांडं ओळखायला हाच गुण उपयोगी पडतो. टेबलावर आल्यावरही कडेने बुडबुडे येत असतील, बूड काजळीने काळं असेल, गळ्याशी मसाला वाळून चिकटलेला असेल, बाहेरच्या अंगाला तेल पाझरल्याचे डाग असतील, तर ते निखाऱ्यावर बसलेलं आहे. बाहेरून स्वच्छ, तांबूस, हाताला जेमतेम कोमट लागणारं गाडगं म्हणजे ओतलेलं. दहा मिनिटांत 'मटका मटण' आलं तर विचारायलाच नको. चांगल्या जागी एक तर वेळ लागेल असं आधी सांगतात, किंवा फोन करून यायला लावतात.

मातकट वासाबद्दलही सांगायला हवं. तो वास म्हणजे अस्सलपणा, अशी समजूत बरीच पसरली आहे. नवं मडकं रात्रभर पाण्यात ठेवून, मग त्यात पेज उकळून, पिठूळ अंशाने छिद्रं भरून घेतल्याशिवाय रांधायला घ्यायचं नसतं. घरोघरच्या बायका ते न चुकता करत. मातकट वास येतो तेव्हा ही पायरी वगळलेली असते. साबणाने धुतलेल्या मडक्यातही पुढच्या वेळी साबण उतरतो. म्हणून काही आचारी दर वेळी नवं मडकं घेतात आणि वापरलेलं गिऱ्हाइकाला देऊन टाकतात. आतून काचेसारखी चकाकी असलेलं स्वस्त भांडं मात्र मी टाळेन. कमी प्रतीच्या झिलईत शिसं असू शकतं, आणि आंबट रश्शात ते उतरतं.

पुढची अडचण आचेची आहे. गॅसच्या थेट, मोठ्या ज्योतीवर मडकं तडकू शकतं, त्याला निखारेच बरे. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणामुळे लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनाकडे वळायला सांगितलं, आणि महापालिकेने कोळशाचे तंदूर असलेल्या हॉटेलांनाही नोटिसा दिल्या. त्या धुरात राहणाऱ्यांचा विचार करता हे चुकीचं म्हणता येत नाही. परिणाम असा की शहराच्या आत खरं मडक्यातलं जेवण कमी होत जाणार आणि शोधणाऱ्याला वेशीबाहेर पडावं लागणार. पोपटीसाठी डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत अलिबाग-पेणकडे जावं, शेंगा आणि पाला आणायचा असतो म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवावं. महामार्गावरच्या ढाब्यात बसण्याआधी मागच्या बाजूला जाऊन चूल बघायला मागावी. जिथे मडकी खरंच विस्तवावर असतात, तिथले आचारी हौसेने दाखवतात.