वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी : वकिलाची सनद, लौकिक आणि सचोटी कशी पडताळावी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील बहुतेक पक्षकार कुणाच्या तरी सांगण्यावरूनच वकील निवडतात. भावकीतल्या कुणाचा वाटपाचा दावा त्यांनी चालवलेला असतो, किंवा गावच्या विकास सोसायटीचे काम त्यांच्याकडे असते, किंवा तहसील कचेरीच्या आवारात बसणाऱ्या मुद्रांक विक्रेत्याने त्यांचे नाव सुचवलेले असते. तेवढ्यावर वकीलपत्रावर, म्हणजे वकिलाला आपल्या वतीने काम चालवण्याचा अधिकार देणाऱ्या कागदावर, सही होते आणि जमिनीचा, घराचा, कधी कधी माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न पुढची अनेक वर्षे त्या एका व्यक्तीच्या हाती जातो. शिफारस जरूर ऐकावी. परंतु ऐकीव लौकिकावर थांबू नये, कारण वकिलाची सनद (वकिली करण्याचा परवाना), त्याचे न्यायालयातील काम आणि पैशाचा व्यवहार या तिन्ही गोष्टी सामान्य पक्षकाराला स्वतः तपासता येतात.

त्याआधी एक सावधगिरी. समन्स बजावले गेले असेल तर मुदत चालू झालेली असते. दिवाणी दाव्यात प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) दाखल करावयाची असते आणि न्यायालय ही मुदत कारणे नोंदवून ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर (निकालानुसार निघणाऱ्या आदेशावर) जिल्हा न्यायालयात अपील करण्याची मुदत ३० दिवसांची आहे. म्हणून पडताळणीसाठी आठवडाभराचा वेळ काढावा, त्याहून अधिक नको. अटकेचे प्रकरण असेल तर तेवढाही वेळ नसतो. तेव्हा किमान सनद तपासावी आणि फीबद्दल लेखी टिपण घ्यावे.

वकिली करण्यास पात्र कोण

अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार राज्य बार कौन्सिलच्या पटावर नाव असलेल्या अधिवक्त्यालाच न्यायालयात वकिली करता येते. आपल्याकडे ही नोंदणी मुंबईस्थित बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा करते. सनदेवरील क्रमांकात राज्याची खूण, अनुक्रमांक आणि नोंदणीचे वर्ष असे तीन भाग असतात. २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून पुढे कायद्याची पदवी घेतलेल्यांना अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते आणि त्यानंतरच वकिलीचे प्रमाणपत्र मिळते. कायद्याची पदवी असणे आणि सनद असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पदवीधर, वकिलाचा कारकून, अर्ज लिहून देणारा लेखनिक किंवा ‘कोर्टाची कामे करून देतो’ असे सांगणारा मध्यस्थ यांपैकी कुणालाही वकील म्हणून उभे राहण्याचा अधिकार नाही, आणि अधिकार नसताना वकिली करणाऱ्यास अधिनियमाच्या कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

सनद क्रमांक विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. तो वकीलपत्रावर बहुधा लिहिलेलाच असतो. क्रमांक मिळाल्यावर बार कौन्सिलकडे किंवा स्थानिक वकील संघाच्या कार्यालयात नाव, क्रमांक आणि नोंदणी चालू आहे की निलंबित, याची खात्री करून घ्यावी. बार कौन्सिल कायद्याने स्थापन झालेली संस्था असल्याने माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून लेखी अर्जही करता येतो. नोंदणीसंबंधीची माहिती अशा अर्जाने मागता येते. प्रलंबित तक्रारींचा तपशील मात्र व्यक्तिगत माहिती म्हणून नाकारला जाऊ शकतो.

न्यायालयातील कामाची नोंद कशी वाचावी

या संपूर्ण पडताळणीतील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे आणि पक्षकार नेमका तोच वगळतात. ई-कोर्ट्स या सरकारी संकेतस्थळावर व त्याच्या मोबाइल अॅपवर महाराष्ट्र, त्यानंतर सातारा किंवा सांगली जिल्हा आणि पुढे न्यायालय संकुल निवडता येते. सातारा, कराड, वाई, फलटण, कोरेगाव, पाटण, वडूज किंवा दहिवडी असो, अथवा सांगली, मिरज, तासगाव, विटा, जत किंवा शिराळा असो, प्रत्येक संकुल स्वतंत्रपणे पाहावे लागते. तेथे पक्षकाराच्या नावाने जसा शोध घेता येतो तसाच वकिलाच्या नावाने किंवा सनद क्रमांकानेही घेता येतो. नाव इंग्रजीत टंकताना एखादे अक्षर इकडेतिकडे झाले तरी यादी अपुरी येते, त्यामुळे आडनावाचा काही भाग टाकून पाहावे आणि सनद क्रमांकानेही पुन्हा तपासावे.

यादीतील प्रकरणांची संख्या पाहून मत बनवू नये. पुष्कळ दावे प्रलंबित असणे हे जसे कामसूपणाचे लक्षण असू शकते तसेच प्रत्येक दाव्याला वेळ न मिळण्याचेही. आपल्यासारख्याच स्वरूपाची चार-सहा प्रकरणे निवडावी आणि त्यांतील प्रत्येक तारखेवर दाबून त्या दिवसाचा रोजनामा (न्यायालयातील कामकाजाची दैनंदिन नोंद) वाचावा. समजा, आपला प्रश्न बांध कोरण्यावरून मनाई हुकुमाचा आहे. वकिलाने चालवलेल्या अशाच एखाद्या दाव्यात ‘वादी व वादीचे वकील गैरहजर’ असा शेरा लागोपाठ दिसतो का, तहकुबीचा अर्ज कोणत्या बाजूने येत राहिला, साक्षीदार हजर असताना उलटतपास घेतला गेला की पुढची तारीख मागितली गेली, कैफियतीविना दावा पुढे चालवण्याचा आदेश झाला का, हे सर्व तेथे थोडक्या शब्दांत नोंदलेले असते. निकाली प्रकरणांत निकालाचे स्वरूप पाहावे. उभय बाजू ऐकून झालेला निकाल विरुद्ध गेला असला तरी तो वकिलाच्या नालायकीचा पुरावा ठरत नाही. कज्जा कमकुवत असेल तर उत्तम वकीलही हरतो. मात्र वादीच्या गैरहजेरीमुळे दावे काढून टाकले गेल्याचे एकापेक्षा अधिक वेळा दिसले, तर त्याचे स्पष्टीकरण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. पक्षकारच फिरकला नाही, असेही घडते, म्हणून लगेच दोषारोप न करता विचारावे. प्रामाणिक वकील अशा प्रश्नाने दुखावत नाही.

या नोंदींना मर्यादाही आहेत. कौटुंबिक वाद आणि बालकांवरील अत्याचारांची प्रकरणे यांचा तपशील सर्वांना खुला नसतो. तहसीलदार, प्रांताधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी यांच्यापुढील फेरफार व रस्त्याच्या तक्रारी ई-कोर्ट्सवर येतच नाहीत; त्या महसूल खात्याकडे शोधाव्या लागतात. आपले काम महसुली असेल तर दिवाणी न्यायालयातील नावलौकिकाचा फारसा उपयोग नाही, हे ध्यानात ठेवावे.

संगणकावर जे कळत नाही ते न्यायालयात एक दिवस बसून कळते. कामकाज खुले असते; कोणत्याही नागरिकाला मागच्या बाकावर शांतपणे बसता येते. वकील पुकारा होताच उभे राहतात का, प्रकरणाची कागदपत्रे त्यांनी वाचलेली दिसतात का आणि आपल्याच पक्षकाराशी ते बाहेरच्या व्हरांड्यात कसे बोलतात, याकडे लक्ष द्यावे. त्यांच्या एक-दोन जुन्या पक्षकारांना भेटणे शक्य असेल तर ‘वकील चांगले आहेत का’ असे न विचारता, तारखेला काय झाले हे कोण कळवत होते आणि दिलेल्या पैशांची पावती मिळत होती का, असे विचारावे.

ऑनलाइन याद्यांतील तारांकने आणि स्तुतिपर अभिप्राय यांना मी शून्य किंमत देतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करण्यास किंवा काम मिळवण्यासाठी मध्यस्थ वापरण्यास मनाई आहे. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशा संकेतस्थळांद्वारे जाहिरात करणाऱ्या वकिलांवर कारवाई करण्याचे निर्देशही दिले. न्यायालयाच्या फाटकाशी गाठून ‘आमच्या साहेबांकडे चला’ म्हणणारा मनुष्य दलाल असतो आणि दलाली हा अधिवक्ता अधिनियमाखाली गुन्हा आहे.

सचोटीच्या कसोट्या

वकिलाने कसे वागावे याचे नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने अधिनियमाच्या कलम ४९ खाली केलेले आहेत. त्यांपैकी तीन नियम आपल्या भागातील पक्षकाराला नेहमी उपयोगी पडतात.

पहिला फीविषयीचा आहे. नियम २० नुसार निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत हिस्सा घेणे वकिलाला निषिद्ध आहे. महामार्गासाठी किंवा धरणासाठी गेलेल्या जमिनीचा वाढीव मोबदला आणि मोटार अपघाताची नुकसानभरपाई या प्रकरणांत ‘आता काही देऊ नका, मिळाल्यावर इतके टक्के द्या’ ही बोली सर्रास ऐकू येते, आणि हाती पैसा नसलेल्या कुटुंबाला ती उपकारासारखीही वाटते. पण ती नियमबाह्य आहे. जो वकील पहिल्याच भेटीत नियम मोडण्याची तयारी दाखवतो, त्याच्याकडे आपल्या मोबदल्याचा हिशेब सुरक्षित राहील असे मानण्यास आधार नाही.

दुसरा नियम हितसंबंधांचा आहे आणि तालुक्याच्या गावी तो फार नाजूक होतो, कारण तेथे सर्वांचे सर्वांशी संबंध असतात. एका पक्षासाठी ज्या प्रकरणात सल्ला दिला किंवा कागद तयार केला, त्याच प्रकरणात विरुद्ध बाजूने उभे राहता येत नाही (नियम ३३). आणि पक्षकारांशी किंवा वादाशी असलेला आपला संबंध वकिलाने काम घेतानाच पूर्णपणे उघड करावयाचा असतो (नियम १४). वडिलांचे मृत्युपत्र किंवा बहिणींचे हक्कसोडपत्र ज्यांनी लिहिले, त्यांनाच भावाने पुढे त्या दस्ताच्या वादात उभे केल्याचे आढळते. म्हणून सामनेवाल्यांची सर्व नावे पहिल्याच भेटीत सांगून ‘यांपैकी कुणाचे काम आपण पाहिले आहे का’ असे स्पष्ट विचारावे.

तिसरा न्यायालयावर गैरमार्गाने प्रभाव न टाकण्याचा नियम. ‘साहेबांशी बोलून घेतो, वरचा खर्च वेगळा’ हे वाक्य ऐकताच उठून यावे. निकालाची हमी देणाऱ्याबाबतही तेच करावे.

पहिली भेट, कागदपत्रे आणि फी

भेटीला जाताना समन्स किंवा नोटीस, ती मिळाल्याची तारीख असलेले पाकीट, पूर्वीचे आदेश व निकालांच्या नकला, जमिनीचा वाद असल्यास सातबारा, आठ-अ आणि संबंधित फेरफार, नोंदणीकृत दस्त, ओळखपत्र आणि घटनाक्रमाचे एक पानी टिपण न्यावे. झेरॉक्स द्याव्या. मूळ दस्त न्यायालयात दाखल करण्यासाठी द्यावाच लागला तर दस्ताचे वर्णन, पानांची संख्या आणि तारीख असलेली पोच सहीसह घ्यावी.

फी किती, ती कोणत्या टप्प्यांत आणि तिच्यात काय धरले आहे, हे लिहून घ्यावे. वकिलाची फी आणि कोर्ट फी स्टॅम्प, समन्सचा खर्च, नक्कल, टंकलेखन, कोर्ट कमिशनर यांचा खर्च ही खाती निराळी असतात, आणि पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवणे हे नियम २५ नुसार वकिलाचे कर्तव्यच आहे. शक्यतो रक्कम बँकेतून द्यावी. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. त्यामुळे प्रकरण तेथे गेल्यास स्वतः येणार की दुसरा वकील देणार, आणि त्याची फी कोण ठरवणार, हेही आरंभीच विचारावे. वकीलपत्र पूर्ण भरलेले असल्याशिवाय, त्यातील तडजोड करण्याचा व पैसे स्वीकारण्याचा अधिकार देणारा मजकूर वाचल्याशिवाय सही करू नये. कोऱ्या कागदावर तर कधीच करू नये.

मोफत वकील कुणाला मिळतो

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज, ओळखपत्र, पात्रतेनुसार जातीचा, दिव्यांगत्वाचा किंवा उत्पन्नाचा दाखला आणि प्रकरणाची कागदपत्रे द्यावी. १५१०० या मदतवाहिनीवरही विचारणा करता येते. नेमलेला वकील पक्षकाराकडून फी घेऊ शकत नाही. घेतल्यास प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करावी.

वकील बदलणे आणि तक्रार

विश्वास उडाल्यास वकील बदलता येतो. जुन्या वकिलाची ना हरकत घेण्याचा प्रघात आहे. ती नाकारल्यास न्यायालयाकडे अर्ज करावा. फी थकली म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केले आहे.

व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार कलम ३५ खाली बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे करावी लागते. तक्रार सत्यापित व स्वाक्षरीत असावी आणि तिच्यासोबत विहित शुल्क, वकीलपत्राची प्रत, पैसे दिल्याचा पुरावा, रोजनाम्यांच्या प्रती व झालेला पत्रव्यवहार जोडावा. प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. समिती तक्रार फेटाळू शकते, ताकीद देऊ शकते, ठरावीक काळासाठी सनद निलंबित करू शकते किंवा पटावरून नाव काढू शकते. तक्रार मिळाल्यापासून एक वर्षात निर्णय न झाल्यास ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. समितीच्या आदेशावर ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तेथून पुढे ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या १४ मे २०२४ च्या निकालाने बंद झाला आहे. पैशाचा अपहार झाला असल्यास पोलिसांकडे फिर्याद देण्याचा मार्ग स्वतंत्रपणे खुला राहतो. बार कौन्सिलकडे तक्रार दाखल झाल्यावर ती मागे घेण्यासाठी गावकीतून किंवा नातेवाइकांकडून दबाव येऊ शकतो. अशा वेळी संबंधितांना एवढेच सांगावे की, तक्रारदाराने तक्रार मागे घेतली किंवा आपसात मिटवली, केवळ एवढ्या कारणावरून बार कौन्सिलला ते प्रकरण बंद करता येत नाही.