इंग्लंडमध्ये डिझाइन अँड टेक्नॉलॉजीचं शिक्षक व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चर करून जोडीदाराच्या नोकरीपायी इंग्लंडला आलेली कितीतरी मराठी माणसं मला भेटतात. डिग्री आहे, कामाचा अनुभव आहे, आणि मुलं शाळेत जायला लागली की प्रश्न पडतो, आता आपलं काय? मीही त्यातलीच. मेकॅनिकल केलं, चार वर्षं एका कारखान्याच्या डिझाइन विभागात काढली, मग इकडे आले. आज एका माध्यमिक शाळेच्या वर्कशॉपमध्ये अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांना डिझाइन अँड टेक्नॉलॉजी, म्हणजे इथल्या बोलीत डी अँड टी, शिकवते. या विषयाला शिक्षक मिळत नाहीत. सरकार भरतीचं जे उद्दिष्ट ठरवतं ते वर्षानुवर्षं पुरं होत नाही. तरी आपल्या लोकांना हा रस्ता ठाऊकच नसतो, याचं मला वाईट वाटतं. पुढची माहिती फक्त इंग्लंडची आहे. स्कॉटलंड आणि वेल्समधली पद्धत वेगळी आहे.

हा विषय नेमका काय?

आपल्याकडच्या कार्यानुभवाच्या तासाशी किंवा टेक्निकल हायस्कूलच्या फिटिंग शॉपशी याचं नातं आहे, पण तेवढ्यावर तो थांबत नाही. कोणासाठी वस्तू करायची, त्या माणसाची अडचण काय, कोणतं साहित्य का निवडलं, नमुना करून पाहिल्यावर काय बदललं, हे सगळं मुलांनी मांडायचं असतं. १९९० पासून हा विषय इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात आहे. अकरा ते चौदा वयोगटाला तो त्या अभ्यासक्रमानुसार सगळ्यांना असतो, त्यापुढे ऐच्छिक. सोळाव्या वर्षी होणाऱ्या जीसीएसई परीक्षेत निम्मे गुण लेखी पेपरला आणि निम्मे गुण मुलाने स्वतः केलेल्या प्रकल्पाला असतात. प्रकल्पाचे संदर्भविषय परीक्षा मंडळं आदल्या वर्षी १ जूनला जाहीर करतात, आणि मग तीसेक तास मुलं त्यावर काम करतात. लाकूड, धातू, प्लॅस्टिक, कापड, इलेक्ट्रॉनिक्स, लेझर कटर, थ्रीडी प्रिंटर असं सगळं त्यात येतं. लहान वर्गांना स्वयंपाकही याच विषयाखाली शिकवतात, आणि कमी शिक्षकांच्या शाळेत तो तासही तुमच्याच वाट्याला येऊ शकतो.

आधी व्हिसा बघा, मग कोर्स

बहुतेक जण आधी युनिव्हर्सिटी शोधतात. मीही तेच केलं आणि दोन महिने वाया घालवले. फी किती, अनुदान मिळणार का, कोणता कोर्स चालेल, हे सगळं तुमच्या इथल्या राहण्याच्या दर्जावर ठरतं. म्हणून सुरुवात तिथून करा.

तुम्ही ब्रिटिश नागरिक असाल, किंवा कायम राहण्याचा परवाना मिळालेला असेल आणि तीन वर्षं इथे वास्तव्य झालेलं असेल, तर साधारणपणे तुम्हाला स्थानिक फी लागू होते. २०२५-२६ साठी तिची कमाल मर्यादा ९,५३५ पौंड आहे, आणि त्यासाठी सरकारी शैक्षणिक कर्ज मिळतं. शिवाय डी अँड टी साठी बर्सरी आहे, म्हणजे परत न करायचं, करमुक्त प्रशिक्षण-अनुदान. त्यासाठी डिग्री इथल्या हिशेबाने किमान टू-टू, म्हणजे लोअर सेकंड क्लास, वर्गाची लागते. ही रक्कम दरवर्षी बदलते. २०२४-२५ च्या तुकडीला २५,००० पौंड होते, २०२५-२६ ला २०,००० झाले. मैत्रिणीला किती मिळाले ते विचारून घराचा हिशेब मांडू नका, तुमच्या वर्षाचा आकडा बघा.

जोडीदाराच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर डिपेंडंट म्हणून असाल तर तुम्हाला शिकायची आणि काम करायची मुभा असते, पण फी बहुधा परदेशी विद्यार्थ्याची लागते आणि डी अँड टी ची बर्सरी मिळत नाही. परदेशी फी प्रत्येक संस्थेची वेगळी आणि स्थानिक फीपेक्षा बरीच चढी असते. अशा वेळी पगारी प्रशिक्षणाची जागा मिळते का ते जरूर बघा. त्यात शाळा तुम्हाला नोकरीवर ठेवून शिकवते आणि फी भरावी लागत नाही. जागा थोड्या असतात आणि स्पर्धा असते, पण काम करायची मुभा तुमच्याकडे आधीच असल्याने शाळेला तुमच्यासाठी व्हिसाची खटपट करावी लागत नाही. ही तुमची जमेची बाजू आहे, शाळेशी बोलताना ती स्पष्ट सांगा.

भारतातून थेट यायचं असेल तर फी भरून पूर्णवेळ कोर्स आणि स्टुडंट व्हिसा हा नेहमीचा मार्ग. प्रत्येक संस्था स्टुडंट व्हिसासाठी प्रायोजक होऊ शकत नाही, म्हणून कोर्स शोधताना व्हिसाला प्रायोजक होणाऱ्या संस्थांची चाळणी लावा.

एक गैरसमज इथेच दूर करते. भारतातल्या बी.एड.धारकांना २०२३ पासून थेट इंग्लंडच्या शिक्षक-दर्जासाठी अर्ज करता येतो हे खरं आहे. पण ती सोय गणित, विज्ञान आणि भाषा शिकवायला पात्र असलेल्यांसाठी आहे, डी अँड टी त्यात नाही. भौतिकशास्त्राचं बी.एड. असेल तर तो दरवाजा आधी ठोठावा, नाहीतर इथलं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

पात्रता

तुम्हाला मिळवायचा आहे तो क्यूटीएस, म्हणजे पात्र शिक्षकाचा दर्जा. पीजीसीई ही त्याच्या जोडीला मिळणारी पदव्युत्तर शैक्षणिक पात्रता. काही कोर्स दोन्ही देतात, काही नुसता क्यूटीएस. पुढेमागे दुसऱ्या देशात जाण्याचा विचार असेल तर दोन्ही देणारा घ्या.

पदवी हवी, आणि ती ब्रिटिश ऑनर्स पदवीच्या तोडीची असल्याचा पुरावा हवा. हा पुरावा यूके एनिक, म्हणजे परदेशी पदव्यांची इथल्या पदव्यांशी तुलना करणारी संस्था, देते. त्याला स्टेटमेंट ऑफ कम्पॅरॅबिलिटी म्हणतात. चार वर्षांच्या बी.ई., बी.टेक.ला सहसा अडचण येत नाही. तीन वर्षांची पदवी असेल तर आधी हे पत्र मागवा, मगच बाकीचे बेत करा. पदवी डी अँड टी चीच हवी असं नाही. मेकॅनिकल, सिव्हिल, आर्किटेक्चर, इंटिरिअर, टेक्स्टाइल, फॅशन, प्रॉडक्ट डिझाइन यांचा विचार होतो. मात्र तुम्हाला काय येतं आणि काय येत नाही याची संस्था नीट तपासणी करते. सिव्हिलवाल्याला शिलाई मशीन शिकावं लागेल, फॅशनवालीला लाकूडकाम. उणिवा झाकू नका, त्या भरून काढायची तयारी दाखवा.

याशिवाय जीसीएसईच्या पातळीचं इंग्रजी आणि गणित, दोन्हींत किमान ग्रेड ४. आपली दहावी इथे पुढे येते. माझं दहावीचं गणित लगेच चाललं. इंग्रजीसाठी मात्र, इंजिनिअरिंग पूर्ण इंग्रजीतून झालेलं असूनही, समकक्षतेची परीक्षा द्यायला सांगितलं. खासगी संस्था ती परीक्षा घेतात, फी आपल्याला भरावी लागते. ती चालेल का हे आपल्या प्रशिक्षण संस्थेकडून आधी लेखी विचारून घ्या.

कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका किंवा ट्रान्सक्रिप्ट, यूके एनिकचं पत्र, पासपोर्ट, व्हिसाचा पुरावा, पत्त्याचे पुरावे. यादी एवढीच दिसते. आपल्या लोकांचं घोडं अडतं ते नावापाशी.

माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. पदवी प्रमाणपत्रावर तेच. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, मधे नवऱ्याचं नाव, शेवटी सासरचं आडनाव. इथल्या प्रवेश कार्यालयातल्या बाईंपुढे मी दोन्ही कागद ठेवले तेव्हा त्यांना त्या दोन वेगळ्या व्यक्ती वाटल्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. वडिलांचं नाव ‘मिडल नेम’ म्हणून येतं आणि लग्नानंतर तेही बदलतं, ही गोष्ट त्यांनी प्रथमच ऐकली. विवाह नोंदणी प्रमाणपत्र दाखवल्यावर काम झालं. तेव्हा ते प्रमाणपत्र इंग्रजीत असेल असं बघा. फक्त मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर करून ठेवा. राजपत्रात नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रतही जोडा. सगळ्या अर्जांत पासपोर्टवरचंच नाव लिहा, आणि ‘पूर्वीची नावं’ हा रकाना कधीही रिकामा सोडू नका.

हाच मुद्दा पुन्हा डीबीएसला येतो. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाची ही सखोल पार्श्वभूमी तपासणी होते. तीत आजवरची सगळी नावं आणि गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते, तारखांत खंड न पडता, द्यावे लागतात. भाड्याची घरं बदलत राहिलेल्यांनी आजच वहीत यादी करून ठेवावी. त्या काळात भारतात राहिला असाल तर भारताचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी, मागतील. भारतात असाल तर पासपोर्ट सेवेतून अर्ज होतो, इथे असाल तर भारतीय उच्चायुक्तालयाच्या सेवा केंद्रामार्फत. पोलीस ठाण्याकडून पडताळणी व्हायला वेळ लागतो, म्हणून हे काम शेवटावर ठेवू नका. ट्रान्सक्रिप्टचंही तेच. माझ्या विद्यापीठाकडून ते यायला अडीच महिने लागले, आणि तेही भाऊ तीनदा खिडकीवर जाऊन उभा राहिला तेव्हा.

शाळा बघून या

नियमात ही अट नाही, पण माझ्या मते अर्जाआधीचं सगळ्यात मोलाचं काम हेच. दोन-चार दिवस एखाद्या शाळेच्या डी अँड टी विभागात बसायची परवानगी मागा. ई-मेलला उत्तर नाही आलं तर दुसरी शाळा बघा.

मी गेले तो वर्ग बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा होता. एक मुलगी पाइनच्या फळीवर भोक पाडणार होती. केस बांधलेले, एप्रन, डोळ्यांवर गॉगल. तिने गुण्या लावून रेघ मारली, फळी ड्रिलच्या टेबलावर क्लॅम्प केली, आणि बटण दाबण्याआधी मागे वळून लाल इमर्जन्सी स्टॉप कुठे आहे ते बघितलं. शिक्षकांनी सांगितलं नव्हतं, तिला सवयच होती. कारखान्यात चार वर्षं काढलेल्या मला त्या क्षणी कळलं की इथल्या शिक्षकाचं निम्मं काम ही सवय लावणं आहे. बँडसॉसारख्या काही यंत्रांना मुलांनी हातच लावायचा नसतो, ती शिक्षकाची. यंत्रसुरक्षेचं वेगळं प्रशिक्षण तुम्हाला मिळतं, पण कानस, पटाशी, टेनन सॉ हातात धरायची सवय आधीपासून असेल तर वर्गात आत्मविश्वास येतो.

अर्ज

ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर ‘फाइंड टीचर ट्रेनिंग कोर्सेस’ मध्ये जागा शोधायच्या आणि ‘अप्लाय फॉर टीचर ट्रेनिंग’ मधून अर्ज भरायचा. फी नाही. पुढच्या सप्टेंबरच्या तुकडीसाठी अर्ज ऑक्टोबरमध्ये खुले होतात आणि जागा भरत जातील तसे कोर्स बंद होतात. एका वेळी चार ठिकाणी अर्ज चालू ठेवता येतात. व्हिसा काढायचा असेल तर दिवाळीच्या आसपासच अर्ज टाका.

निवेदनात ‘मला लहानपणापासून शिकवायची आवड आहे’ असं लिहू नका. एखादी वस्तू तुम्ही डिझाइन केली, ती पहिल्यांदा का फसली, काय बदललं, आणि ते मुलांना कसं शिकवाल, हे लिहा. मी एका फिक्स्चरबद्दल, म्हणजे यंत्रावर काम घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनाबद्दल, लिहिलं होतं, मुलाखतीत सगळे प्रश्न त्यावरच आले. शिफारसपत्रं दोन लागतात, पण ती जागा स्वीकारल्यानंतर मागवली जातात. जुन्या साहेबांना आधी कल्पना देऊन ठेवा आणि कंपनीचा ई-मेल घ्या.

मुलाखतीत बऱ्याच ठिकाणी छोटा पाठ घ्यायला लावतात, रेखाटनाचं काम देतात, स्वतः केलेल्या वस्तू किंवा त्यांचे फोटो आणायला सांगतात. कॅडची चित्रं न्याच, पण हाताने काढलेली कच्ची स्केचेसही न्या. माझ्या वेळी त्यांनी तीच जास्त वेळ पाहिली.

पुढे

प्रशिक्षण साधारण एक शैक्षणिक वर्ष चालतं. किमान १२० दिवस शाळांत, आणि किमान दोन शाळांत. शेवटी आठ ‘टीचर्स स्टँडर्ड्स’ पूर्ण झाल्याचे पुरावे तपासून क्यूटीएसची शिफारस होते. त्यानंतर पहिली नोकरी आणि दोन वर्षांचा इंडक्शनचा काळ, ज्यात तास थोडे कमी आणि मार्गदर्शक शिक्षक सोबत. सप्टेंबर २०२५ पासून लंडनबाहेर सुरुवातीचा पगार वर्षाला ३२,९१६ पौंड आहे. स्टुडंट व्हिसावर आलेल्यांना पुढे स्किल्ड वर्कर व्हिसासाठी प्रायोजक परवाना असलेली शाळाच लागते, म्हणून प्रशिक्षणाच्या दुसऱ्या सत्रापासूनच, जाहिरात दिसली की पहिला प्रश्न तोच विचारा.