माजी सैनिकांतील पीटीएसडी (नागपूर परिसर)

जिवावर बेतलेला प्रसंग स्वतः भोगल्यानंतर किंवा डोळ्यांदेखत घडताना पाहिल्यानंतर महिना उलटला तरी मन त्याच्या तावडीतून सुटत नाही, आणि झोप, काम, घर या सगळ्यांची घडी विस्कटते, अशा विकाराला आघातोत्तर ताणविकार किंवा रोजच्या बोलण्यात पीटीएसडी म्हणतात. सैनिकांत चकमक, सुरुंगस्फोट, हिमस्खलन, साथीदाराचा मृत्यू, मृतदेहांचे अवशेष गोळा करण्याचे काम ही त्याची नेहमीची कारणे. पहिल्या महायुद्धात डॉक्टरांनी हीच लक्षणे तोफगोळ्याचा धक्का म्हणून नोंदवली. पीटीएसडी हे स्वतंत्र निदान म्हणून अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये स्वीकारले. त्याचा धैर्याशी काडीचाही संबंध नाही. शौर्यपदक मिळवलेल्यांनाही तो होतो. योग्य उपचार मिळाले तर बऱ्याच जणांत तो काही आठवड्यांत ओसरू लागतो, आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षे ‘झोपेची तक्रार’, ‘बीपी’ किंवा ‘दारू’ या नावांखाली फिरत राहतो हे अक्षम्य आहे.

नागपूर परिसर

कामठीची छावणी १८२१ मधली. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे रेजिमेंटल सेंटर आणि लष्करी रुग्णालय तिथेच आहे. शहरात वायुसेनानगरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे, अंबाझरीला आयुधनिर्माणी आहे, आणि शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पुलगावचे दारूगोळा कोठार आहे. त्यामुळे निवृत्त जवान, हवालदार, सुभेदार आणि त्यांची कुटुंबे या भागात मोठ्या संख्येने आहेत. जवान साधारण पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो आणि बहुधा पुन्हा पहाऱ्याच्याच कामावर लागतो: बँकेचा गनमॅन, रोकड नेणाऱ्या गाडीचा रक्षक, किंवा संरक्षण आस्थापनांवर पहारा देणारे संरक्षण सुरक्षा दल. पुलगावच्या कोठारात ३१ मे २०१६ रोजी झालेल्या भीषण स्फोटात याच दलाचे जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाचा धोका तिथेच संपतो असे गृहीत धरता येत नाही, याचे हे जवळचे उदाहरण.

दुसरी नोकरीही संपते तेव्हा, पन्नाशी-साठीत, अनेकांची लक्षणे पहिल्यांदा उघडी पडतात. १९७१ चे युद्ध, १९८७ ते १९९० मधली श्रीलंकेतली शांतिसेना, १९८४ पासूनचे सियाचिन, १९९९ चे कारगिल, काश्मीर आणि ईशान्येतली बंडखोरीविरोधी मोहीम अशा प्रत्येक पिढीची आपली ओझी आहेत. कामाच्या धबडग्यात मागे रेटलेल्या आठवणी रिकाम्या दुपारी वर येतात. प्रसंगानंतर सहा महिन्यांहून अधिक काळाने विकार पूर्ण स्वरूपात दिसला तर त्याला विलंबित पीटीएसडी म्हणतात. ‘वीस वर्षे ठणठणीत होता, आता कसला आजार?’ या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

लक्षणे आणि ती कशी चुकतात

निदानासाठी चार गट पाहतात. प्रसंग पुन्हा पुन्हा मनात घुसणे (दुःस्वप्ने, अचानक उसळणारी दृश्ये), त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे, स्वतःबद्दल आणि जगाबद्दलचे विचार काळवंडणे, आणि शरीर सतत सावध राहणे. पण दवाखान्यात येणारा माणूस या भाषेत बोलत नाही. तो म्हणतो, छाती भरून येते, डोके गरगरते, कशातच मन लागत नाही. घरचे सांगतात की एवढ्या-तेवढ्यावरून अंगावर येतो, हॉटेलात दाराकडे तोंड करूनच बसतो, रात्री दोनदा उठून कड्या तपासतो, लग्नाला गेला तर बँड-फटाके सुरू होण्याआधी निघून येतो. टाळण्याची सवय इतकी सफाईदार असते की तिला ‘साहेबांना गर्दी आवडत नाही’ असे सभ्य नाव मिळून जाते.

डॉक्टरने सोबत चार गोष्टी तपासायलाच हव्यात. स्फोटाजवळ असताना डोक्याला मार बसला होता का, घोरणे आणि झोपेत श्वास थांबणे आहे का, थायरॉइड व बी-१२ ठीक आहे का, आणि दारू किती. लष्करी कॅन्टीनमधून मिळणाऱ्या दारूचा मासिक कोटा हा अनेकांचा झोपेचा उपाय असतो. दारूने झोप लागते खरी, पण उत्तररात्री ती तुटते आणि स्वप्ने अधिक भेसूर होतात. ‘आधी दारू सोड, मग बघू’ म्हणून माणसाला परत पाठवणे हा मोठा प्रमाद आहे. दोन्हींवर एकाच वेळी उपचार करता येतात.

चाळणी

अमेरिकेच्या माजी सैनिक विभागात १९८९ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय पीटीएसडी केंद्र हे या विषयातले जगातले प्रमुख संशोधनकेंद्र आहे. त्याची चाचणीपत्रके मोफत आहेत. पहिल्या चाळणीसाठी पाच प्रश्न पुरतात: गेल्या महिन्यात त्या प्रसंगाची स्वप्ने किंवा नकोशा आठवणी आल्या का, त्याचा विचार किंवा त्या जागा टाळल्या का, सतत सावध, दचकल्यासारखे वाटले का, माणसांपासून, कामापासून तुटल्यासारखे झाले का, स्वतःला किंवा इतरांना दोष देणे थांबत नाही का. तीन ‘हो’ आले तर पुढची तपासणी करावी. चारची मर्यादा धरली तर चुकून पकडले जाणारे कमी होतात, पण काही खरे रुग्ण निसटतात. ज्या दवाखान्यात पुढे सविस्तर बोलायला कोणी आहे तिथे तीनच बरे.

त्यापुढचे पत्रक २० प्रश्नांचे, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ८०. साधारण ३१ ते ३३ च्या पुढे पीटीएसडीची दाट शक्यता धरतात. उपचार सुरू असताना तेच पत्रक ठरावीक अंतराने भरून घ्यावे. १० ते १५ गुणांची घट दिसली की गाडी रुळावर आहे असे समजावे. पत्रक म्हणजे निदान नव्हे. ते मुलाखतीनेच होते.

प्रश्न विचारण्याची रीत महत्त्वाची. पत्नी आणि मुलगा खोलीत असताना हवालदार ‘काही नाही’ असेच सांगणार. एकट्याशी बोलावे आणि सुरुवात पलटण, हुद्दा, कुठे कुठे पोस्टिंग झाली इथून करावी. ‘तिथे काय पाहिलंत?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत खोदून विचारू नये. प्रसंग कोणत्या प्रकारचा होता एवढे कळले तरी चाळणीला पुरते.

बोलण्याचे उपचार

सर्वांत भक्कम पुरावा याच उपचारांचा आहे. अमेरिकी माजी सैनिक विभाग आणि संरक्षण विभाग यांची २०२३ ची मार्गदर्शिका त्यांना औषधांच्या आधी ठेवते.

दीर्घ सामोरेपणाचा उपचार (प्रोलाँग्ड एक्स्पोजर) एडना फोआ यांनी विकसित केला. ८ ते १५ सत्रे, प्रत्येक सुमारे ९० मिनिटांचे. पहिल्या दोन सत्रांत विकार समजावणे, श्वासाची लय शिकवणे आणि टाळलेल्या गोष्टींची शिडी तयार करणे. प्रत्येक पायरीला रुग्ण स्वतः ० ते १०० असा अस्वस्थतेचा आकडा देतो. नागपूरकर माणसाची शिडी अशी असू शकते: सकाळी तेलंगखेडी बागेत बाकावर बसणे, ३०, ऑफिसच्या वेळी सीताबर्डी इंटरचेंजला मेट्रोत चढणे, ५०, रविवारी संध्याकाळी बर्डीच्या मेन रोडवर फिरणे, ७०, तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीत उभे राहणे, ९०. सुरुवात ३० ते ४० च्या पायरीने करायची. तिथे अर्धा-पाऊण तास थांबायचे, आकडा निम्म्यावर येईपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. तिसऱ्या सत्रापासून डोळे मिटून, वर्तमानकाळात, तो प्रसंग मोठ्याने सांगायचा, संपला की पुन्हा पहिल्यापासून. त्याचे रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचे.

यात बिघडते ते बहुधा तीन ठिकाणी. अस्वस्थता शिखरावर असताना माणूस निघून येतो. मग मेंदू एवढेच शिकतो की पळालो म्हणून वाचलो. दुसरे, तो आधाराच्या कुबड्या सोबत नेतो: खिशात चिंता शमवणारी अल्प्राझोलमची गोळी, शेजारी मुलगा, पाठ भिंतीला. पायरी चढल्यासारखी दिसते, पण चढलेली नसते. तिसरे, थेरपिस्टच घाबरतो आणि प्रसंगाचा सर्वांत वाईट क्षण वगळू देतो. नेमका तोच भाग कामाचा असतो.

अपराधीपणाचे ओझे भारी असेल तिथे पट्रिशिया रेसिक यांचा १२ सत्रांचा विचारप्रक्रिया उपचार (सीपीटी) अधिक चपखल बसतो. ‘गस्तीची वाट मी बदलली नसती तर तो वाचला असता’ असे अडकलेले वाक्य घेऊन त्याच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा कागदावर मांडला जातो. त्या घडीला काय माहीत होते आणि नंतर काय कळले, हे वेगळे केले की गाठ सैल होऊ लागते. पुढची सत्रे सुरक्षितता, विश्वास, ताबा, स्वाभिमान आणि जवळीक या विषयांवर होतात. डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेला ईएमडीआर हाही मान्य उपचार आहे.

नागपूरसारख्या, प्रशिक्षित थेरपिस्ट मोजकेच असलेल्या शहरासाठी राष्ट्रीय पीटीएसडी केंद्रातून आलेली सर्वांत उपयोगी बातमी लेखी सामोरेपणाच्या उपचाराची आहे. केवळ पाच सत्रे. प्रत्येकात ३० मिनिटे त्या प्रसंगाबद्दल हाताने, तपशिलासह, भावनांसह लिहायचे, आणि नंतर थोडे बोलायचे. घरचा अभ्यास नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२६ जणांच्या तुलनेत तो १२ सत्रांच्या सीपीटीहून कमी ठरला नाही, आणि मधेच सोडून जाणारे फार कमी होते. जो जवान शेती सोडून १२ आठवडे काटोल किंवा उमरेडहून ये-जा करू शकत नाही, त्याला पाच फेऱ्या जमू शकतात. याउलट एमडीएमए या नशेच्या पदार्थाच्या साहाय्याने होणाऱ्या उपचाराला अमेरिकी औषध नियामकाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता नाकारली.

औषधे

सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन या नैराश्यविरोधी औषधांना चांगला आधार आहे. सर्ट्रालिन बहुधा २५ किंवा ५० मिग्रॅपासून सुरू करून गरजेनुसार २०० मिग्रॅपर्यंत नेतात. परिणाम ठरवायला पुरेशा मात्रेवर ८ ते १२ आठवडे लागतात. तीन आठवड्यांत ‘गोळी लागू पडली नाही’ म्हणून बदलणे घाईचे. लैंगिक इच्छा किंवा क्षमता कमी होणे हा सर्रास दिसणारा दुष्परिणाम डॉक्टर सांगत नाही, रुग्ण विचारत नाही, आणि गोळी गुपचूप बंद होते. तो पहिल्याच दिवशी सांगावा. अचानक बंद केल्यास चक्कर, चिडचिड, अंगात झिणझिण्या येतात.

अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या पीटीएसडीसाठी देऊ नयेत असे वरील मार्गदर्शिका स्पष्ट सांगते. सवय लागते, दारूसोबत जीव धोक्यात येतो. वर्षानुवर्षे घेणाऱ्याची मात्रा मात्र हळूहळूच उतरवावी, एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन रात्री १ मिग्रॅपासून देतात. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब घसरून माणूस पडू शकतो, म्हणून ती अंथरुणाजवळ घ्यावी आणि रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेवर बसावे.

नागपूरच्या उन्हाळ्यात एक सापळा नेहमी ध्यानात ठेवावा. बीपीसाठी थायझाइड वर्गातली लघवीची गोळी आणि सोबत सर्ट्रालिन घेणाऱ्या सत्तरीच्या माणसाचे रक्तातले सोडियम घसरू शकते, आणि ४५ अंशांच्या मे महिन्यात घाम व नुसते पाणी पिणे यांनी ते आणखी खाली जाते. माणूस गोंधळतो, तोल जातो, दिवस-वार विसरतो. घरचे म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला. अशा वेळी सोडियमची तपासणी त्याच दिवशी करावी.

घर आणि धोका

दुःस्वप्नात असलेल्या माणसाला हलवून उठवू नये. पायाकडे, हाताच्या टप्प्याबाहेर उभे राहून नावाने हाक मारावी आणि दिवा लावावा. फटाक्यांच्या दिवसांत वेळ आधी सांगून ठेवली तर दचकणे कमी होते.

गनमॅनच्या घरात परवान्याची बंदूक असते, गावाकडच्या घरात कीटकनाशक. नैराश्याच्या ९ प्रश्नांच्या पत्रकातला शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याचे उत्तर ‘नाही’ सोडून काहीही आले तर बंदुकीची चौकशी तिथेच करावी. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करण्याची पद्धत परवानाधारकांना माहीत असते. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे तसेच काही काळ जमा ठेवता येते. फवारणीचे औषध कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ ही मोफत सेवा चोवीस तास आहे, आणि सैन्यदलांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.

कुठे जावे, कोणती कागदपत्रे

ईसीएचएस ही माजी सैनिकांसाठीची आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून आहे. कार्ड घेऊन पॉलिक्लिनिकमध्ये वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटावे आणि रेफरल थेट मानसोपचार विभागाच्या नावाने मागावा. ‘झोप नाही’ एवढेच सांगितले तर कागद मेडिसिनकडे जातो आणि महिना वाया जातो. कार्ड नसले तरी मेडिकल कॉलेज, मेयो रुग्णालय आणि मिहान भागातले एम्स इथे मानसोपचाराची ओपीडी आहे; तीव्र अवस्थेसाठी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. गर्दीच्या ओपीडीत ९० मिनिटांचे सत्र मिळत नाही, म्हणून ‘इथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणत्या वारी असतात’ हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे.

अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी विकार सैन्यसेवेमुळे झाला किंवा वाढला हे दाखवावे लागते. धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतून उद्भवला असे गृहीत धरावे, आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी सैन्याची आहे, जवानाची नाही. डिस्चार्ज बुक, सेवासमाप्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाची प्रत, जखमेचा अहवाल आणि लष्करी रुग्णालयाच्या केस शीट जपून ठेवाव्यात. हरवल्या असतील तर रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी मागाव्यात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्जात मदत करते. मानसोपचारतज्ज्ञाच्या प्रमाणपत्रात नुसते निदान पुरत नाही: प्रसंग कोणता, त्या वेळी कुठल्या युनिटमध्ये होता, लक्षणे केव्हा सुरू झाली आणि चाचणीचे गुण किती, हे चारही लिहून घ्यावे.