‘ऱ्हास’ म्हणजे नाश नव्हे, आणि तो शब्द अशुद्धही नाही

‘ऱ्हास’बद्दल दोन गोष्टी वर्षानुवर्षं सांगितल्या जातात: तो ‘नाश’ या अर्थाचा शब्द आहे आणि ‘ह्रास’ बिघडून तयार झालेली ती चूक आहे. दोन्ही खरं नाही.

मूळ संस्कृत धातू ह्रस्, म्हणजे कमी होणे, आखूड होणे. ‘ऱ्हस्व’ याच धातूचा. पहिली वेलांटी ऱ्हस्व असते ती याच अर्थानं. म्हणून ऱ्हासात हळूहळू घटणं आहे, संपणं नाही. त्याचा जुना जोडीदार शब्द ‘वृद्धी’. कस दरवर्षी थोडा थोडा उतरतो, तो जमिनीचा ऱ्हास. भिंत एका रात्रीत पडली तर तो ऱ्हास नव्हे.

आता अशुद्धतेचं. ‘ह’ला दुसरं व्यंजन जोडून आलं की मराठी जीभ दोघांची जागा बदलते. चिह्नचं चिन्ह, जिह्वाचं जिव्हा, आह्लादचं आल्हाद. प्रल्हाद नावाच्या माणसाला कुणी ‘तू अशुद्ध आहेस’ म्हणत नाही, मग ऱ्हासालाच का? ‘ह्रास’ हे संस्कृत रूप, ‘ऱ्हास’ हे मराठी प्रमाण रूप.

खरी चूक होते ती टंकलेखनात. साधा र, हलन्त (पाय मोडण्याची खूण) आणि ह टाइप केला की रफार ‘ह’च्या डोक्यावर चढतो आणि ‘र्हास’ उमटतं. रफार ‘अर्हता’मध्ये बरोबर, इथे नाही. इथे नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ (संगणकाच्या युनिकोड यादीत ०९३१) घ्यायचा, मग हलन्त, मग ‘हास’. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत फरक दिसतो तो याच अक्षरामुळे.