फ्रीझरमध्ये सत्त्व जात नाही, पोत मोडतो

‘गोठवलेल्या अन्नात सत्त्व उरत नाही’ हे वाक्य बाळाचं वरचं अन्न सुरू झालं की हमखास कानावर पडतं. ते चूक आहे. उणे 18 अंश सेल्सिअसला माशातली प्रथिनं, लोह, आयोडीन कुठेही जात नाहीत. भाजीतलं क जीवनसत्त्व कमी होतं ते मुख्यतः त्याआधी, उकळत्या पाण्यात. फ्रीझर बिघडवतो तो पोत. आणि सहा महिने उलटलेल्या, दात नसलेल्या बाळासाठी पोतच तर महत्त्वाचा! म्हणून मासा आणि भाजीच्या बोटाएवढ्या वड्या करून ठेवायच्या, तर पाण्याचा बर्फ कसा होतो ते आधी पाहायला हवं.

माशाच्या मांसात साधारण 70 ते 80 टक्के पाणी असतं. ते उणे 1 अंशाच्या आसपास गोठू लागतं आणि उणे 5 पर्यंत त्यातल्या बहुतेकाचा बर्फ झालेला असतो. सगळा घोळ या चार अंशांत होतो. एक ग्रॅम पाणी 20 अंशांवरून शून्यावर आणायला सुमारे 84 ज्यूल उष्णता काढावी लागते, पण शून्यावरच्या पाण्याचा शून्यावरचाच बर्फ करायला 334, म्हणजे जवळजवळ चौपट. घरचा फ्रीझर इथे रेंगाळतो. तो जितका रेंगाळेल तितके बर्फाचे स्फटिक संख्येने कमी आणि आकाराने मोठे होतात. ते पेशींच्या बाहेर वाढतात, आतलं पाणी ओढून घेतात आणि स्नायूंचे तंतू विस्कटतात. मासा वितळल्यावर ताटलीत साचतं ते हेच पाणी.

याहून सूक्ष्म गोष्ट पुढे आहे. बर्फात पाणी जातं, क्षार जात नाहीत. उरलेल्या थेंबभर द्रवात त्यांचं प्रमाण वाढत जातं, मायोसिन या स्नायूंमधल्या प्रथिनाभोवतीचं पाण्याचं आवरण सुटतं आणि त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात. थंड समुद्रातल्या कॉड या माशाच्या कुळात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं संयुग असतं. गोठलेल्या अवस्थेतही एक एन्झाइम त्याचं हळूहळू विघटन करतं आणि त्यातून अत्यल्प प्रमाणात निघालेलं फॉर्मल्डिहाइड प्रथिनांच्या साखळ्यांना एकमेकींशी जणू टाके घालतं. कच्चा मासा महिनोन्‌महिने ठेवला की चिवट लागतो तो यामुळे.

क्लॅरेन्स बर्ड्सआय हा अमेरिकन माणूस 1912 साली कॅनडातल्या लॅब्राडोरला गेला. कडाक्याच्या थंडीत तिथल्या इनुइट लोकांनी पकडलेला मासा बघता बघता गोठायचा आणि नंतर शिजवला तरी ताज्यासारखा लागायचा. हे पाहूनच त्याने पुढे झटपट गोठवण्याची यंत्रं बनवली. झटपट गोठलं की स्फटिक असंख्य, पण बारीक.

घरी तेवढी थंडी नाही, पण जाडी आपल्या हातात आहे. तुकड्याची जाडी दुप्पट केली तर गोठायला दुपटीहून जास्त वेळ लागतो. म्हणजे बाळाच्या मुठीत मावणारी बारीक वडी फ्रीझरलाही सोयीची! शिवाय मासा आधी शिजवून घेतला की मायोसिन उष्णतेने आकसलेलं असतं, फ्रीझरला बिघडवायला फारसं उरत नाही. त्यात कुस्करलेला बटाटा किंवा रताळं घातलं की स्टार्च बरंचसं पाणी धरून ठेवतो. गाजर, मटार मऊ वाफवून तेही कुस्करायचे. मीठ नको. मिश्रण बोटांनी चाचपून काटे काढायचे, हे काम यंत्रावर सोडू नये. वड्या ताटावर सुट्या गोठवायच्या, मग हवा काढून पिशवीत भरायच्या. पिशवी दारात नाही, आत खोल ठेवायची, कारण तापमान वरखाली झालं की बारीक स्फटिक विरघळून मोठ्यांना जाऊन मिळतात.

तेलकट माशातल्या ओमेगा-3 या स्निग्धाम्लांचं ऑक्सिडेशन, म्हणजे हवेमुळे खवट होणं, फ्रीझरमध्ये मंदावतं, थांबत नाही, म्हणून अशा वड्या महिन्याभरात संपवाव्यात. याच ओमेगा-3 च्या नावावर ‘बाळाची बुद्धी वाढवणारी’ पावडर विकली जाते, ती घेऊ नये. साध्या माशात ते असतंच. फक्त शार्क, स्वोर्डफिश यांसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत, त्यांच्यात पारा साठतो.

थंडीने जंतू मरतात हाही गैरसमजच. त्यांची वाढ थांबते, इतकंच. शिळ्या माशात तयार झालेलं हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन तर गोठवूनही जात नाही, शिजवूनही नाही. मासा ताजाच हवा. वडी खायला देताना आतपर्यंत वाफ येईल अशी गरम करावी, मग कोमट होऊ द्यावी, आणि उरलेली पुन्हा गोठवू नये. दोन बोटांत दाबून सहज चुरते का, तेही पाहावं. पहिल्यांदा मासा देताना मटाराएवढाच, दिवसा, आणि दुसरा कुठलाही नवा पदार्थ सोबत न देता द्यावा, म्हणजे पुरळ किंवा उलटी झाली तर कारण लगेच कळतं.