गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी: अर्ज कुणाकडे करायचा, काय जोडायचं आणि गाडी येते त्या दिवशी काय करायचं

भाद्रपदात कुत्री माजावर येतात हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा. म्हणजे पिल्लं पडतात ती कार्तिक-मार्गशीर्षात, ऐन थंडीच्या तोंडावर. मग रेस्क्यू करणाऱ्यांचे फोन वाजू लागतात. ‘जिन्याखाली कुत्री व्याली आहे, घेऊन जा.’ ‘पिल्लं पाच आहेत, एकाला गाडीने उडवलं.’ घेऊन जायला जागा कुणाकडेच नसते. निवारे भरलेले असतात आणि तिथे आधीच पार्वो किंवा डिस्टेंपर हा पिल्लांना जीवघेणा संसर्ग पसरला असेल तर नव्या पिल्लासाठी रस्ता बरा म्हणायची वेळ येते.

म्हणून सांगणं एवढंच आहे: पिल्लं उचलण्याचा फोन करण्याआधी नसबंदीचा अर्ज करा, आणि तो चैत्र-वैशाखात करा. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी ही शस्त्रक्रिया स्थानिक संस्थेने करून द्यायची असते, तीही फुकट. अनेकांना हे माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं ते एका कुत्रीसाठी अर्ज करतात आणि तिथेच थांबतात.

जबाबदारी कुणाची

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली केंद्राने मार्च २०२३ मध्ये प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू केले. त्याआधी २००१ चे नियम होते. नव्या नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजचं लसीकरण ही महानगरपालिका, नगरपालिका, नगरपंचायत किंवा ग्रामपंचायत यांची जबाबदारी आहे. हे काम त्यांनी स्वतः करावं किंवा भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडून करून घ्यावं. प्रत्येक केंद्राला मंडळाचं प्रकल्प मान्यता प्रमाणपत्र लागतं. मान्यता नसलेल्या कुणाच्या गाडीत आपल्या गल्लीतली कुत्री चढू देऊ नका. ती कुठे सोडली जातील याचा काही भरवसा नसतो.

अर्ज कोण करू शकतं

त्या भागात राहणारा किंवा काम करणारा कुणीही. सोसायटीचा सचिव, दुकानदार, रोज खाऊ घालणारी ताई, वॉचमन, शाळेचे मुख्याध्यापक. संस्थेचं सभासदत्व किंवा प्राणिमित्राचं ओळखपत्र लागत नाही. ‘कुत्री तुमची आहेत का?’ असं कुणी विचारलंच तर उत्तर सरळ आहे: आमची नाहीत, आमच्या गल्लीतली आहेत, म्हणूनच पालिकेकडे आलोय.

सोसायटीच्या आवारातली कुत्री असतील तर कमिटीचं पत्र जोडलेलं बरं. ते बंधनकारक म्हणून नव्हे, तर पकडायला आलेल्या माणसांना गेटवर कुणी अडवू नये म्हणून. कुत्र्यांवर चिडलेल्या मंडळींचीही त्यावर सही घ्या. नसबंदीला विरोध सहसा कुणाचाच नसतो, आणि ज्या शेजाऱ्यांशी वर्षभर वाद चाललाय त्यांच्यासोबत एका कागदावर सही झाली की पुढचं बरंच सोपं होतं.

कुठलं कुत्रं चालतं, कुठलं थांबवावं लागतं

सहा महिन्यांपुढचे नर आणि माद्या दोन्ही. फक्त माद्या न्या असा आग्रह काहीजण धरतात, पण नरही न्यायला हवेत. माजावरच्या मादीमागे लागलेल्या नरांची भांडणं, रस्ता ओलांडताना होणारे अपघात आणि समागमातून पसरणाऱ्या गाठी हे सगळं नसबंदीने कमी होतं. माद्यांना गर्भाशयात पू होण्याच्या आजारापासून तर जवळजवळ पूर्ण संरक्षण मिळतं.

पिल्लं अंगावर पीत असलेली कुत्री उचलायची नाही. तिला नेलं तर मागे पिल्लं उपाशी मरतात. पिल्लं खायला लागली आणि दूध आटलं की तिचं नाव पुढच्या फेरीत द्या. नाकातून-डोळ्यांतून घाण येणारं, फार खंगलेलं किंवा झटके येणारं कुत्रं शस्त्रक्रियेसाठी नाही, उपचारासाठी कळवायचं. गाभण कुत्रीचं काय करायचं ते दिवस बघून डॉक्टर ठरवतात. आपण फक्त अर्जात ‘गाभण असावी’ असं लिहून ठेवायचं.

कुठे द्यायचा

महानगरपालिकेत पशुवैद्यकीय विभाग किंवा आरोग्य विभागाकडे. वॉर्ड ऑफिसात दिला तरी तिथून पुढे जातो. मुंबईत १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, पुण्यात पीएमसी केअर ॲप आहे. पण फोनवर नोंद केली तरी लेखी अर्ज वेगळा द्याच, कारण फोनवरची नोंद एका कुत्र्याची होते आणि आपल्याला अख्खी गल्ली करून हवी असते.

नगरपालिकेत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. गावात सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, यांच्या नावे, आणि एक प्रत तालुक्याच्या पशुसंवर्धन खात्याकडे. ग्रामपंचायतीकडे केंद्र नसतं, निधीचीही रड असते. अशा वेळी आजूबाजूच्या तीन-चार गावांनी मिळून एका मान्यताप्राप्त संस्थेचं शिबिर मागणं जास्त चालतं. गोव्यात पंचायत किंवा नगरपालिकेबरोबर पशुसंवर्धन खात्यालाही लिहा. तिथे कुत्र्यांच्या लसीकरणाची घडी चांगली बसलेली आहे; २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं ते त्यातूनच.

कागदपत्रं

अर्जदाराच्या ओळखपत्राची प्रत, पत्त्याचा पुरावा, मोबाइल नंबर, सोसायटीचं पत्र असल्यास ते. एवढंच. काम खरं पुढे नेणारा कागद मात्र पालिका मागत नाही. तो आपण करायचा: कुत्र्यांची यादी.

दोन दिवस पहाटे आणि रात्री गल्लीत फिरा. त्या वेळी कुत्री आपापल्या जागेवर असतात. प्रत्येकाचा एक समोरून आणि एक बाजूने फोटो काढा आणि पुढे लिहा. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: ‘क्र. ४. मादी, काळी, पुढचे दोन्ही पाय पांढरे, शेपटीचं टोक तुटलेलं. कान अखंड. अंदाजे दोन वर्षं. गणपती मंदिरामागे रिक्षा स्टँडवर झोपते. हाताला येते, ताईने बोलावलं तर. क्र. ५ सोबत असेल तर आधी ५ ला पकडा, तो भुंकला की सगळी पांगतात.’ पकडणाऱ्यांना अशी माहिती सोन्याच्या मोलाची असते.

कान नीट बघा. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाचा छोटासा तुकडा कापलेला असतो. ती खूण असेल तर तसं लिहा, म्हणजे तेच कुत्रं पुन्हा भुलीखाली जाणार नाही. त्याला फक्त रेबीजची लस हवी असते, जी दरवर्षी द्यावी लागते.

अख्खी गल्ली एकदम का? एखाद्या भागातली निदान ७० टक्के कुत्री एका हंगामात झाली तर संख्या स्थिरावते, असं या क्षेत्रात धरलं जातं. कळपातल्या सहापैकी दोन माद्या सुटल्या तर एका भाद्रपदानंतर आठ-दहा पिल्लं हजर, आणि केलेल्या चार शस्त्रक्रिया लोकांच्या डोळ्यांना दिसतच नाहीत. सातत्याने काम झालं तर फरक पडतो. मुंबईत २०१४ च्या गणनेत साधारण ९५ हजार भटकी कुत्री होती, २०२४ च्या पाहणीत अंदाज ९१ हजारांच्या आसपास आला. दहा वर्षांत शहर केवढं वाढलं ते बघता ही घट छोटी म्हणता येणार नाही.

अर्जाचा नमुना

प्रति, मा. मुख्य पशुवैद्यकीय अधिकारी, ……… महानगरपालिका.

विषय: ……… (रस्ता, प्रभाग क्र.) येथील भटक्या कुत्र्यांची नसबंदी व रेबीज प्रतिबंधक लसीकरण करण्याबाबत.

महोदय/महोदया, वरील ठिकाणी एकूण …… कुत्री असून त्यांपैकी …… माद्या व …… नर यांची नसबंदी झालेली नाही. छायाचित्रांसह यादी व जागेचा नकाशा सोबत जोडला आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार सर्व पात्र कुत्र्यांची एकाच मोहिमेत नसबंदी व लसीकरण करून त्यांना त्याच ठिकाणी परत सोडण्यात यावे, ही विनंती. पकडण्याच्या दिवशी आम्ही खालील दोन व्यक्ती उपस्थित राहून सहकार्य करू. पथकाची तारीख व केंद्राचे नाव आगाऊ कळवावे.

खाली नावं, सह्या, मोबाइल. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन पोच ठेवा. पोच नसलेला अर्ज दिला न दिल्यासारखाच.

जागा कुठली ते स्पष्ट लिहा

हे २०२५ पासून फार महत्त्वाचं झालं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सांगितलं की नसबंदी, जंतनाशक आणि लस देऊन कुत्री जिथून उचलली तिथेच सोडावीत. रेबीज झालेली, तसा संशय असलेली किंवा आक्रमक कुत्री याला अपवाद. त्याच आदेशात रस्त्यावर कुठेही खाऊ घालायला मनाई आणि प्रभागनिहाय ठरावीक जागा करण्याचे निर्देश आहेत. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बस स्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री उचलून निवाऱ्यात न्यायला आणि तिथे परत न सोडायला सांगितलं. म्हणून कुत्रं एसटी स्टँडच्या आत राहतं की समोरच्या रस्त्यावर, हे खरं आणि नेमकं लिहा. अर्ज देताना सध्या लागू असलेला आदेशही विभागात विचारून घ्या.

राहत्या सोसायटीची जागा ७ नोव्हेंबरच्या त्या यादीत नाही. तिथे २०२३ च्या नियमांनुसार खाऊ घालण्याची जागा आणि वेळ सोसायटीने ठरवून द्यायची असते: मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, ये-जा करण्याच्या दारापासून दूर.

गाडी येते तो दिवस

बहुतेक अर्ज इथे फसतात. गाडी येते, अनोळखी माणसं जाळी घेऊन उतरतात, कुत्री गाड्यांखाली घुसतात, दोन हाताला लागतात आणि गाडी निघून जाते. आपला माणूस तिथे हवाच, आणि तोही ज्याला कुत्री ओळखतात असा.

आदल्या रात्री हलकं खाणं द्या. सकाळी काहीही देऊ नका आणि गल्लीतल्या सगळ्यांना तसं सांगून ठेवा. पोट रिकामं असलं की भुलीचा धोका कमी होतो आणि बिस्किटाच्या पुड्यावर कुत्रं जवळही येतं. हाताने किंवा जाळीने पकडायचं. तारेचा फास, चिमटा, मारझोड चालत नाही. तसं दिसलं तर तिथेच थांबवा आणि व्हिडिओ घ्या. गाडीत चढवलेल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद आपल्या यादीशी ताडून बघा. केंद्रावर त्यांच्या गळ्यात नंबरचा पट्टा घातला जातो, तो नंबर संध्याकाळी फोन करून घ्या आणि आपल्या यादीत लिहा.

या कामात राहणाऱ्यांनी स्वतःची रेबीजची लस आधीच घेऊन ठेवावी: पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. ती घेतलेली असली तरी दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. यात हयगय नको.

परत आल्यावर

शस्त्रक्रियेनंतर चार-पाच दिवस कुत्रं केंद्रात ठेवलं जातं. पहाटे नेलं आणि संध्याकाळी सोडलं असं झालं तर लगेच लेखी तक्रार करा. सोडताना जागा तीच आहे का ते बघा. दोन गल्ल्या अलीकडे सोडलेलं कुत्रं तिथल्या कळपाच्या तावडीत सापडतं, आणि ताजे टाके असताना त्याला पळताही येत नाही. पुढचा आठवडाभर पोटाखाली नजर ठेवा. सूज, पाणी, सुटलेला टाका किंवा खाणं बंद दिसलं तर फोटोसह केंद्राला कळवा. पट्ट्याचा नंबर इथे उपयोगी पडतो.

काहीच हललं नाही तर

महिनाभर उत्तर आलं नाही तर आवक क्रमांक टाकून स्मरणपत्र द्या, प्रत आयुक्तांना. नियमांनुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत या कामावर देखरेख करणारी समिती असायला हवी. ती कधी बसली, किती शस्त्रक्रिया झाल्या, कोणत्या संस्थेला काम दिलं आहे, हे माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. माझा अनुभव असा की माहिती अधिकाराचा अर्ज गेला की नसबंदीच्या अर्जाची फाइल सापडते.

रांग फारच लांब असेल आणि एखादी मादी माजावर येण्याच्या बेतात असेल तर गल्लीने वर्गणी काढून खासगी डॉक्टरांकडे करून घेता येतं. तिथे संमतीपत्रावर सही आपली असते आणि नंतरचे दिवस ठेवायची सोयही आपणच बघायची. कानाची खूण करायला आठवणीने सांगा.

पाळीव कुत्र्याचं मात्र सगळं मालकावर आहे: पालिकेचा परवाना, दरवर्षीची लस, नसबंदी. परवान्यासाठी साधारणपणे लसीचं प्रमाणपत्र, कुत्र्याचा फोटो, मालकाचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेतलं तरी हेच लागू, आणि ते पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारीही दत्तक घेणाऱ्याची.

पहिल्या फेरीत सगळी कुत्री सापडत नाहीत. राहिलेल्यांची नावं, तेव्हा पिल्लांना पाजत असलेली कुत्री आणि आता सहा महिन्यांची झालेली पिल्लं यांची नवी यादी करा. जुन्या अर्जाचा आवक क्रमांक वर लिहून दुसरा अर्ज श्रावणाआधी देऊन टाका.